कृपेचे मोल आणि एका चित्रकथामालेची घसरण

पाळक व धर्मशिक्षक यांच्या हाती पडणाऱ्या या पानांत एका जपानी चित्रकथामालेचे परीक्षण यावे, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु आपल्या मंडळीतील मुले जे वाचतात त्याकडे आपण डोळेझाक करावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. नागपूर–छिंदवाडा मार्गावरील बोरगावचेच उदाहरण घ्यावे. सौंसर तालुक्यातील हे गाव औद्योगिक वसाहतीमुळे वाढले; रेमंडची गिरणी व इतर कारखाने यांच्या आधाराने कितीतरी कुटुंबांचे येथे बस्तान बसले. २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे तालुके मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. या भागातील मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि मोबाइल फोनवर इंग्रजी अनुवादाच्या द्वारे थेट जपानच्या कथा वाचतात. शब्बाथ शाळेत ऐकलेल्या गोष्टी आणि या गोष्टी एकाच मनात शेजारी शेजारी राहतात. त्या शेजाराची चौकशी करणे हे आपल्या सेवेचेच काम आहे.

चित्रकथा हा प्रकार मराठी वाचकाला परका नाही. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्सने वेताळाला घरोघर नेले आणि १९६७ पासून अनंत पै यांच्या अमर चित्र कथेने पुराणपुरुष व संत यांची चित्रे एका पिढीच्या मनावर कोरली. जपानी चित्रकथा, जिला तेथे ‘मांगा’ म्हणतात, ती या दोहोंहून एका बाबतीत निराळी आहे. तिच्यात एकच कथा आठवड्यामागून आठवडा, वर्षानुवर्षे चालते आणि वाचक पात्रांबरोबर वाढतो. म्हणून तिचा आरंभ आणि शेवट यांचे नाते कादंबरीप्रमाणे तपासावे लागते.

आम्ही येथे ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’ या मालेचा विचार करीत आहोत. कथा काइउ शिराई यांची व चित्रे पोसुका देमिझु यांची. ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात १ ऑगस्ट २०१६ रोजी ती सुरू झाली आणि १५ जून २०२० रोजी १८१ प्रकरणांनंतर संपली. पुढे ती २० खंडांत ग्रथित झाली. २०१८ साली तिला शोगाकुकान पारितोषिक मिळाले. तिच्यावरून निघालेल्या हलत्या चित्रांच्या मालिकेचा पहिला भाग २०१९ साली व दुसरा २०२१ साली आला. नावातच दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक इस्राएलाचा वचनदत्त देश आणि दुसरे जे. एम. बॅरी यांच्या पीटर पॅनच्या कथेतील ते बेट, जेथे मुले कधी मोठी होत नाहीत. नाव वाचूनच पाळकाचे कान टवकारावेत, आणि पहिले पाच खंड वाचून ते टवकारणे सार्थ ठरावे, अशी ही कथा आहे. पुढील पंधरा खंडांविषयी मात्र आमची निराशा झाली. ती का झाली व तिच्यापासून आपण काय शिकावे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

आरंभाचे सामर्थ्य

‘ग्रेस फील्ड’ नावाचा एक अनाथाश्रम आहे. ग्रेस म्हणजे कृपा. तेव्हा त्याला कृपेचे शेत म्हणावे. त्यात अडतीस मुले राहतात. स्वच्छ पांढरे कपडे, पोटभर अन्न, हिरवे मैदान, आणि जिला सर्व मुले ‘मामा’ म्हणजे आई म्हणतात ती इझाबेला. प्रत्येक मुलाच्या मानेवर एक क्रमांक आहे. रोज बुद्धीची परीक्षा होते. बारा वर्षांच्या आत प्रत्येक मूल दत्तक जाते आणि गेलेल्यांपैकी कोणाचेही पत्र येत नाही. एमा, नॉर्मन व रे ही अकरा वर्षांची तीन मुले सर्वांत हुशार. एके रात्री कॉनी नावाची सहा वर्षांची मुलगी दत्तक जाताना आपले कापडी सशाचे खेळणे विसरते. ते देण्यासाठी एमा व नॉर्मन निषिद्ध फाटकापर्यंत जातात आणि गाडीत कॉनीचे प्रेत पाहतात. आश्रम हा राक्षसांचा मळा आहे. मुले हे त्यांचे अन्न आहे. रोजची परीक्षा मेंदूचा कस पाहण्यासाठी आहे. आणि आई ही त्या मळ्याची राखणदार आहे.

येथून ३७ व्या प्रकरणापर्यंतचा भाग म्हणजे पळून जाण्याची तयारी. या भागाचे यश धक्क्यात नाही. भयाच्या गोष्टी पुष्कळ असतात. या भागाचे यश हिशोबात आहे. प्रत्येक आशेची किंमत येथे लगेच व रोख घेतली जाते. एमाचा पाय इझाबेला मोडते. नॉर्मनला सुटण्याची संधी असता तो इतरांसाठी परत येतो आणि गाडीत बसून जातो. मुलांच्या कानात खूण पेरलेली असते, म्हणून एमा आपला कान कापते. अगदी लहान मुलांना बरोबर नेणे शक्य नाही, म्हणून चार वर्षांच्या फिलला सत्य सांगून, परत येण्याचे वचन देऊन, मागे ठेवावे लागते. पंधराजण कडा ओलांडतात आणि मागे राहिलेल्यांचे ओझे वाचकाच्या छातीवर राहते. सुटका झाली, पण ती फुकट झाली असे कोणाला वाटत नाही.

त्याहून मोठी गोष्ट इझाबेलाची. ती केवळ दुष्ट स्त्री असती तर कथा सोपी झाली असती. तीही एके काळी याच आश्रमातील मुलगी होती. तीही भिंतीवर चढली होती आणि पलीकडचा कडा पाहून परतली होती. जगावयाचे असेल तर आई हो, असे तिला सांगण्यात आले आणि ती झाली. रे हा तिच्याच पोटचा मुलगा. तो ज्या अंगाईवरून तिला ओळखतो ती तिने कोणाला कधी शिकविली नव्हती. जो जुलमाखाली भरडला गेला तोच जुलमाचा हात बनतो, हे पापाचे वर्णन आमच्या वाचनातील कित्येक प्रवचनांपेक्षा अधिक खरे आहे. पौल ज्याला पापाचे दास्य म्हणतो ते असेच असते. त्यात बेडी आतून लावलेली असते आणि किल्लीही आपल्याच कमरेला असते.

कृपा हे नाव आणि आपले आश्रम

या आरंभाने आपल्याला बोचावे, असे आम्हांस वाटते. राक्षसही जेवणापूर्वी प्रार्थना करतात. बळी दिलेल्या देहात ते एक फूल रोवतात. ते उमलले म्हणजे देवाने अर्पण स्वीकारले, असे मानतात. आश्रमातली मुलेही जेवणापूर्वी हात जोडतात. एकाच प्रार्थनेची ही दोन टोके समोरासमोर ठेवून लेखक विचारतो की, ज्या घराला कृपेचे नाव आहे ते घर मुलांसाठी आहे की मुले त्या घरासाठी आहेत?

महाराष्ट्र व मध्यप्रांतातील ख्रिस्ती मंडळीला हा प्रश्न दूरचा नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात फिरल्या आणि भुकेने मरणाऱ्या व दलालांच्या हाती सापडणाऱ्या मुलींना व विधवांना त्यांनी आपल्याबरोबर आणले. त्यांतून केडगावचे मुक्ती सदन वाढले. तेथे मुलींना लिहावयास, विणावयास, छापावयास शिकविले गेले. त्या मोठ्या होतील आणि आपल्या पायांवर उभ्या राहतील, हे गृहीत धरले गेले. मूल मोठे व्हावे यासाठी जे घर असते ते मुक्तीचे घर, आणि मूल मोठे होऊ नये यासाठी जे असते तो मळा. रमाबाईंचे काम पहिल्या जातीचे होते. परंतु त्या काळापासून आजपर्यंत चाललेल्या वसतिगृहांत व आश्रमांत मुलांची संख्या हा अहवालाचा विषय झाला आणि संख्येवरून देणगी ठरू लागली, तेथे मानेवरचा क्रमांक फार दूर राहत नाही. जपानमधील एका लेखकाने, आपली आठवणही मनात नसताना, हा आरसा आपल्यापुढे धरला. त्यासाठी आपण त्याचे ऋणी असावे.

म्हणूनच पुढची घसरण आम्हांस केवळ रंजनाची हानी वाटत नाही. ज्याने एवढा खरा प्रश्न विचारला त्याने उत्तर देताना हात आखडता घेतला, हे आमचे गाऱ्हाणे आहे.

घसरण कोठे होते

आश्रमाबाहेरच्या जगात मुलांना सोंजू व मुजिका हे दोन राक्षस भेटतात. ते मनुष्य खात नाहीत. राक्षस जे खातात त्याचे रूप घेतात आणि माणसे खाणे सोडले तर ते पशूंच्या पातळीवर घसरतात, हे येथे कळते. म्हणजे शत्रूची भूक ही हौस नसून त्याच्या अस्तित्वाची अट आहे. हजार वर्षांपूर्वी मनुष्य व राक्षस यांत एक करार झाला. दोन जगे वेगळी झाली. आणि काही माणसे राक्षसांच्या वाट्याला ठेवण्यात आली. तो करार राखणाऱ्या मानवी घराण्याचे नाव ‘रात्री’ असे आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे आहे. येथपर्यंत कथा वाढते आहे, खोल जाते आहे. गोल्डी पॉन्ड या शिकारीच्या बागेतील लढाईपर्यंत तिचा तोल राहतो. त्यानंतर तो जातो. आमच्या मते तीन ठिकाणी जातो.

पहिले ठिकाण मृत्यूचे. नॉर्मन गाडीत बसून गेला तेव्हा एका मुलाने इतरांसाठी जीव दिला, असे वाचकाने मानले. तो जिवंत आहे, हे पुढे उघड होते. गोल्डी पॉन्डमध्ये लेउविस या राक्षस सरदाराला मारण्यासाठी मुलांनी प्राण पणाला लावले. तोही अखेरीस जिवंत निघतो आणि अगदी निकडीच्या वेळी येऊन सर्व पेच सोडवून देतो. मृत्यू परत घेता येतो हे वाचकाला एकदा कळले की पुढच्या कोणत्याही मृत्यूने त्याचे काळीज हलत नाही. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांनी अशा परत येण्याचे कौतुक करावे, असे कोणी म्हणेल. परंतु सुवार्तेतील पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा राहतात आणि थोमाला त्या दाखविल्या जातात. पुनरुत्थान वधस्तंभाला पुसत नाही. नॉर्मनचे व लेउविसचे परत येणे आधीचा भाग पुसून टाकते.

दुसरे ठिकाण रक्ताचे. मुजिकाच्या रक्ताचा थेंब घेतल्यास राक्षसाला मनुष्यभक्षणाची गरज उरत नाही. तिचे कुळ सातशे वर्षांपूर्वी राजघराण्याने व सरदारांनी खाऊन संपविले होते, कारण प्रजेची भूक शमली असती तर प्रजेवरील त्यांची पकड सुटली असती. छळ झालेल्या निष्पापाचे रक्त, जे प्यायल्याने शत्रूलाही जीवन मिळते! प्रभुभोजनाच्या मेजाशी उभे राहणाऱ्या कोणाला यात काय सांगावयाचे बाकी आहे? ही एकच प्रतिमा कथेचा कणा होऊ शकली असती. भक्षण सोडलेला राक्षस उद्या कसा जगेल, आपण खाल्लेल्या मुलांची आठवण तो कशी सहन करील, मुलांच्या डोळ्यांत तो कसा पाहील, हे सर्व प्रश्न त्या थेंबाच्या मागे उभे आहेत. कथा त्यांपैकी एकाशीही थांबत नाही. रक्त वाटले जाते, भूक मिटते, आणि एका संपूर्ण जातीचा पेच काही प्रकरणांत निकालात निघतो. औषध मिळाले, पश्चात्ताप मात्र कोठे दिसला नाही.

तिसरे ठिकाण क्षमेचे, आणि तेच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. नॉर्मन सर्व राक्षसांचा नाश करावयास निघतो. एमा त्याला अडविते. तिची बाजू बरोबर आहे आणि कथेने ती घेतली याचा आम्हांस आनंद आहे. पण क्षमा झालेल्यांचे पुढे काय होते ते पाहावे. पीटर रात्री हा या साऱ्या व्यापाराचा मानवी सूत्रधार. एमा त्याच्यापुढे हात करते, आपण बरोबर जगू म्हणते. तो हेलावतो आणि स्वतःच्या हाताने मरतो. इझाबेला मुलांच्या बाजूस येते. मुले तिला पुन्हा आई म्हणतात. आणि लगेच ती एमाला वाचविताना मरते. राक्षसांना क्षमा होते, आणि नवा करार होऊन मुले मनुष्यांच्या जगात जातात. मधला मार्ग कायमचा बंद होतो. इतर आयांशी झालेला समेट कथा ओझरता उरकते. म्हणजे ज्या तीन मोठ्या शत्रूंना क्षमा झाली त्यांपैकी एकाबरोबरही मुलांना दुसऱ्या दिवशी राहावे लागत नाही. क्षमेचे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. कथा आदल्या रात्रीच संपविली आहे.

दोन काठ आणि एक नदी

पांढुर्ण्याच्या वाचकांस आम्ही येथे त्यांच्याच गावची आठवण देऊ इच्छितो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा व दुसऱ्या काठावर सावरगाव असे उभे राहून गोटमार चालते. पात्रात रोवलेल्या झाडाच्या झेंड्यासाठी धोंडे सुटतात आणि दरवर्षी अनेकजण जखमी होतात. यात प्राणही गेले आहेत. दोन काठांच्या मुलामुलीच्या प्रेमाची व त्यांच्या मृत्यूची कथा या प्रथेमागे सांगतात. संध्याकाळी झेंडा चंडीमातेच्या मंदिरात पोहोचतो आणि दिवस संपतो. आम्ही या प्रथेचे समर्थन करीत नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट खरी आहे, ती अशी की नदी सकाळीही तेथेच असते. पलीकडच्या काठावर सासर असते, दुकान असते, ज्याचा धोंडा लागला तो माणूस असतो. कोणीही काठ उचलून दुसऱ्या जगात नेऊ शकत नाही. क्षमा करावयाची तर येथेच करावी लागते, आणि ती केली नाही तर पुढच्या पोळ्याला धोंडा तयारच असतो.

आलोच्य कथेने नदीच नाहीशी केली. राक्षस एका जगात, मुले दुसऱ्या जगात. याला शांती म्हणता येईल, समेट म्हणता येणार नाही. हजार वर्षांपूर्वीच्या ज्या कराराचा कथेने एवढा धिक्कार केला त्यानेही हेच केले होते. त्याने दोन जगे वेगळी केली. नवा करार काही माणसे मागे ठेवीत नाही, एवढीच त्यातील सुधारणा. ती लहान नव्हे. पण ज्याने जुन्या कराराचे मूळच चुकले होते असे म्हटले त्याच्याकडून आपण अधिक मागतो.

त्या नव्या कराराची किंमतही पाहावी. करार करणारा जो अज्ञेय देव आहे, ज्याचे नाव वाचता येत नाही, तो एमाकडून तिचे कुटुंब मागतो. आपल्या माणसांची आठवण व त्यांच्याशी असलेले नाते. एमा ही किंमत सर्वांपासून लपविते, आणि येथे क्षणभर पहिल्या खंडांचे तेज परत येते. मुले पलीकडे पोहोचतात. एमा त्यांच्यात नसते. ती दूर बर्फाच्या प्रदेशात एका वृद्धाजवळ, काही न आठवता, जगते. कथा येथे थांबली असती तर आम्ही हा लेख निराळ्या सुरात लिहिला असता. परंतु दोन वर्षांनी तिचे भाऊबहीण तिला शोधून काढतात. आठवण परत येत नाही, एवढा प्रामाणिकपणा लेखकाने राखला, हे नमूद केले पाहिजे. एमाला कारण न कळता रडू येते, ते दृश्य हृद्य आहे. पण घेतलेल्या किमतीतील मोठा वाटा अखेरच्या पानांवर परत केला गेला. ज्या दुकानदाराने पहिल्या दिवशी पैन् पै रोख घेतली त्याने शेवटच्या दिवशी उधारी माफ केली. पहिल्या दिवशी आपला कान देऊन ज्यांनी माल घेतला त्यांना यामुळे काय वाटावे?

२०२१ च्या हलत्या चित्रांच्या दुसऱ्या भागाविषयी थोडक्यात सांगावे. त्यात ११ भागांत सर्व उरकण्यासाठी गोल्डी पॉन्डचा वृत्तान्त समूळ वगळला आणि शेवटच्या काही मिनिटांत उरलेल्या प्रचंड घटना स्थिर चित्रांच्या ओळीने दाखवून मोकळे झाले. आपल्या मंडळीतील बहुतेक मुलांनी ही कथा याच रूपात पाहिली असण्याचा संभव आहे. तेव्हा त्यांची निराशा आमच्याहूनही अधिक असेल.

एक आक्षेप

आमच्या या टीकेवर एक ख्रिस्ती आक्षेप येऊ शकतो, आणि तो हलका नाही. कृपा ही फुकटच असते, असे आपण शिकवितो. उधळ्या पुत्राला बापाने हिशोब विचारला नाही. मग एमाने शत्रूला विनाहिशोब क्षमा केली, देवाने किंमत सैल केली, मुले सुखात राहिली, यात ख्रिस्ती वाचकाने थोरल्या भावासारखे दाराबाहेर का रुसावे?

उत्तर असे की कृपा घेणाऱ्याला फुकट असते, देणाऱ्याला कधीच नसते. डीट्रिख बॉनहॉफर यांनी १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वस्त कृपा व मोलाची कृपा यांत जो भेद केला तो याच जागी लागू पडतो. आणि ती मोलाची कृपा सांगावयास वेळ लागतो. योसेफाने आपल्या भावांना क्षमा केली, हे एका वाक्यात सांगता आले असते. उत्पत्तीचा लेखक त्यासाठी ४२ ते ४५ असे चार अध्याय खर्च करतो. धान्य, पेला, परत बोलाविणे, खोलीत जाऊन लपून रडणे. आणि ज्या यहूदाने एके काळी भाऊ विकावयास सुचविले तोच दुसऱ्या भावाच्या जागी स्वतः गुलाम होण्यास उभा राहीपर्यंत योसेफ आपली ओळख देत नाही. एवढे होऊनही ५० व्या अध्यायात, बाप मेल्यावर, भावांच्या मनात जुने भय पुन्हा उठतेच. समेट झालेली माणसे अशीच एकत्र राहतात. मधूनमधून भीत भीत.

योनाचे पुस्तक याहून लहान आहे, चारच अध्यायांचे. तेथेही एक संपूर्ण शत्रुनगर नाशातून वाचते. पण निनवेला गोणपाट नेसावे लागले, आणि संदेष्ट्याला ते वाचणे सहन झाले नाही. त्याचा राग लेखकाने लपविला नाही. पुस्तक एका प्रश्नावर सोडून दिले आणि उत्तर वाचकावर टाकले. नॉर्मन हा या कथेतील योना होता. ज्याने प्रयोगशाळेत यातना भोगल्या, ज्याच्या साथीदारांची शरीरे झिजली, त्याचा राग हा कथेतील सर्वांत अवघड, सर्वांत मानवी प्रश्न होता. एमाच्या मिठीने तो मिटतो. त्याला एरंडाखाली बसून रागवावयास कथेने वेळ दिला असता, तर ज्या तरुणांच्या मनात खऱ्या अन्यायाचा खरा राग आहे त्यांना तेथे बसावयास जागा मिळाली असती.

कारणाविषयी थोडेसे

एवढा समर्थ लेखक असा का घसरला? त्याच्या मनातले आपण सांगू शकत नाही. पण त्याच्या धंद्याची रीत ठाऊक आहे. ‘शोनेन जंप’मध्ये दर आठवड्यास सुमारे एकोणीस-वीस पाने द्यावी लागतात आणि कोणती कथा आवडली हे वाचक पत्राने कळवितात, मागे पडलेली कथा बंद होते. अशा ठिकाणी प्रत्येक आठवडा धक्क्याने संपवावा लागतो. बंदिस्त आश्रमात प्रत्येक धक्क्याचा हिशोब राहतो. विस्तीर्ण जगात धक्के राहतात आणि हिशोब हरवतो.

तथापि केवळ नियतकालिकाच्या वेगावर दोष टाकून चालणार नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकातूनच क्रमशः आली. यमूच्या दुःखाची किंमत शेवटच्या पानावर परत करण्याचा मोह त्यांनी टाळला. दुसरे उदाहरण आपल्या घरचे. नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि १९१९ साली ते थोडे अध्याय लिहून निवर्तले. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ साली, त्यांच्याही पश्चात, ते प्रसिद्ध झाले. दोन लेखण्यांतला फरक जाणत्या वाचकाला दिसतो. पण कोठेही उरकल्याचा वास येत नाही. काम अपुरे राहणे वेगळे आणि उरकणे वेगळे. अपुरे राहिलेले काम दुसरा हाती घेऊ शकतो. उरकलेले काम बंद झालेले असते.

आपण काय करावे

धर्मशिक्षकांस आमची सूचना अशी की ही कथा वाचू नका असे मुलांस सांगू नये. पहिले पाच खंड त्यांच्याबरोबर वाचावेत. इझाबेलाविषयी बोलावे: ती दोषी आहे की बळी? दोन्ही असेल तर तिला तारण कसे मिळेल? फिलविषयी बोलावे: मागे ठेवलेल्याला दिलेले वचन म्हणजे काय, आणि प्रभूच्या येण्याची वाट पाहणारी मंडळी फिलसारखी कशी आहे? मग शेवट वाचावा आणि मुलांनाच विचारावे की, तुमच्या मते काय राहून गेले? मुले नेमके बोट ठेवतील, असा आमचा विश्वास आहे, कारण फसवणूक झाल्याची जाणीव त्यांना आपल्याहून तीव्र असते.

पाळकांस आमची विनंती निराळी आहे. ही घसरण आपल्या व्यासपीठावर दर रविवारी होते काय, हे पाहावे. प्रवचनाच्या आरंभी आपण पापाचे, दुःखाचे, गावातल्या वैराचे खरे चित्र काढतो. ऐकणारा सावरून बसतो, कारण कोणीतरी त्याच्याविषयी बोलत असते. मग घड्याळ पुढे सरकते आणि शेवटच्या पाच मिनिटांत कृपा येते, रक्त वाटले जाते, भूक मिटते, आणि आशीर्वाद देऊन आपण सर्वांना आपापल्या जगात पाठवितो. ज्याला सोमवारी त्याच भावाशी बांधावरून, त्याच मुकादमाशी गिरणीत, त्याच सासूशी चुलीपाशी राहावयाचे आहे, त्याला आपण काय दिले? दुसऱ्या दिवसाची क्षमा कशी असते हे सांगण्यास एक रविवार पुरणार नसेल, तर चार घ्यावेत. उत्पत्तीच्या लेखकाने चार अध्याय घेतले.

शिराई व देमिझु यांनी पहिल्या पाच खंडांत जे दिले ते थोर आहे, आणि ते त्यांच्याच पुढच्या पंधरा खंडांनीही पुसले जात नाही. कॉनीचा कापडी ससा फाटकाशी पडलेला आहे, फिल खिडकीतून पाहतो आहे, आणि कृपेच्या शेतात कोण कोणाचे अन्न आहे हा प्रश्न अजून उभा आहे. लेखकाने तो अर्ध्यावर सोडला म्हणून आपणही सोडावा, असे होत नाही. ज्यांच्या हाती मेज व प्याला दिला आहे त्यांनी तो पुढे न्यावा.